पडीक जमिनीचे मुद्दल

अनेक व्यापारी कुटुंबांच्या नावे गावाकडची चार-सहा एकर जमीन सातबाऱ्यावर आजही असते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी वाट्याने दिलेली आणि आता कोणीच कसत नसलेली. तिच्याविषयी घरात बहुधा दोनच प्रस्ताव निघतात : विकून टाकावी, किंवा झटपट वाढणारी झाडे लावून मोकळे व्हावे. तिसराही एक मार्ग आहे. त्या जमिनीला तिचे मूळचे रूप परत येऊ द्यावे.

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात पामेला आणि दिवंगत अनिल मल्होत्रा या दांपत्याने १९९१ मध्ये हा मार्ग धरला. ब्रह्मगिरीच्या डोंगराळ परिसरात त्यांनी ५५ एकर पडीक शेतजमीन विकत घेतली. पीक साधत नसल्याने मूळ मालकाला ती नकोशी झाली होती. या दांपत्याने तेथे वृक्षलागवडीची घाई केली नाही. तोड आणि शिकार थांबवली, गरज भासली तेथेच स्थानिक झाडे लावली आणि बाकीचे काम निसर्गावर सोपवले. ओढ्यापलीकडच्या शेतांतील कीटकनाशके आपल्या प्रयत्नांवर पाणी फिरवतात, हे लक्षात येताच शेजारची जमीन विक्रीस येईल तशी ते घेत गेले. क्षेत्र सुमारे ३०० एकरांवर पोहोचले. ‘साई सँक्च्युअरी’ या त्या खासगी वनात हत्ती आणि वाघ यांचाही वावर आहे.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर जमिनीच्या पोटात एक ठेव असते. मातीत निजलेले बियाणे, तोडलेल्या झाडांची जिवंत मुळे हे तिचे मुद्दल. पक्षी आणि वारा तीत नित्य भरणा करतात. नांगर, वणवा आणि अतिचराई ही उचल होय. उचल थांबली की ठेव हळूहळू वाढू लागते. म्हणून पहिले वर्षभर काही न लावता काय उगवते याची ऋतुवार नोंद ठेवावी. कुंपण घालावे, उन्हाळ्यापूर्वी कडेने जाळरेषा काढावी, घाणेरी फुलण्याआधी मुळासकट उपटावी. जेथे ठेवच रिकामी झाली आहे, तेथे जवळच्या देवराईतून वा बांधावरून वेचलेले बी पेरावे.

सोलापूर, अहिल्यानगर किंवा पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात जमीन असल्यास एक पथ्य विशेष पाळावे. तेथील बहुतेक माळांचे मूळ रूप घनदाट जंगल नसून गवताळ रान हे आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते आणि मधूनच एखादा हिवर वा बोर. चंडोल आणि माळटिटवी तेथे जमिनीवरच घरटी करतात. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये स्थापन झाले, तेही अशाच माळरानावर. अशा जागी मध्य अमेरिकेतून आलेले सुबाभूळ किंवा ग्लिरिसिडिया दाट लावले, तर सावलीत गवत मरते आणि त्याच्या आश्रयाने जगणारे जीवही परागंदा होतात. रान हिरवे दिसते, पण ते पूर्वीचे उरत नाही.

या व्यवहारात प्रारंभी खर्चच आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गवताचे बी झडल्यावर कापणी केली, तर चारा विकता येतो किंवा पांजरापोळीस देता येतो. मोठी मिळकत मात्र त्यातून अपेक्षू नये.

खरी जोखीम घरातच असते. रान उभे राहण्यास वीस-तीस वर्षे लागतात आणि वाटणीच्या वादात ते एका दिवसात भुईसपाट होते. म्हणून कुंपणाआधी सरकारी मोजणी करून हद्द कायम करावी. जमीन किती वर्षे राखायची, खर्च कोणी सोसायचा आणि एखाद्याला आपला हिस्सा काढून घ्यायचा झाल्यास काय करायचे, हे सर्व भावंडांनी, विवाहित बहिणींसह, एकत्र बसून लेखी ठरवावे. पुढच्या पिढीतील एकालातरी दरवर्षी त्या जमिनीवर नेत जावे. उद्या तिचा निर्णय त्यालाच घ्यावा लागणार आहे.