मोटारीचे चाक स्वतः बदलावयाचे तर

आपणांपैकी मोटार हाकणारे पुष्कळ असतील. परंतु चाक बदलण्याचे सामान आपल्या गाडीत नेमके कोठे ठेवलेले असते, हे किती जणांस ठाऊक आहे? पंक्चरवाला गावोगाव भेटतो म्हणून आपण निर्धास्त असतो. पण टायर काही त्याच्या दारात पाहून फुटत नाही. ही विद्या कठीण मुळीच नाही. मात्र तिच्यात गाठ जिवाशी आहे. हजार किलोंचे धूड आपण हातभरही उंच नसलेल्या जॅकवर तोलणार, आणि पाठीमागून दुसरी धुडे भरधाव येत असणार.

जादा चाकास आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे, त्यावरून हे नाव पडले. टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी तेथे १९०४ साली आरे नसलेली, टायर चढविलेली एक धाव तयार केली. ती पंक्चर झालेल्या चाकास बाजूने आवळून गाडी पुढे न्यावयाची. असो.

चाक ‘कसे’ बदलावयाचे यापेक्षा ‘कोठे’ हा प्रश्न मोठा आहे. घाटातील उतार, वळण, अरुंद पूल येथे जॅक काढूच नये. बसलेल्या टायरवर बैलगाडीच्या चालीने सपाट, टणक जागेपर्यंत जावे. त्यात टायर चिरडेल, कदाचित रिमही वाकेल. ती दोन्ही बाजारात मिळतात. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, तेव्हा उजवे चाक बदलणाऱ्या माणसाची पाठ थेट रहदारीत येते. द्रुतगती मार्गावर उजवे चाक बसले आणि पुरेशी रुंद जागा नसेल, तर स्वावलंबनाचा हट्ट सोडून सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहावे व मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गांवर त्यासाठी १०३३ हा क्रमांक आहे.

ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. चालकास दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती तेवढी पुढे आलेली असते. म्हणून चकाकणारा त्रिकोण गाडीच्या बुडाशी ठेवून भागत नाही. तो निदान पन्नास-साठ मीटर मागे, आणि वळण असेल तर वळणाच्याही अलीकडे हवा. आपल्याकडे त्याऐवजी झाडाच्या फांद्या व दगड मांडतात. अडचणीत तेही चालेल. पण गाडी दुरुस्त झाली, की मंडळी दगड तसेच टाकून निघून जातात आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्यांवर आदळतो. याला निष्काळजीपणा म्हणणे सौम्य होईल.

हातब्रेक ओढला म्हणजे गाडी जखडली, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. बहुतेक मोटारींत हातब्रेक फक्त मागची दोन चाके धरतो, आणि गिअर धरतो तो इंजिनाची शक्ती पोचणारी चाके. आजच्या लहान गाड्यांत ती बहुधा पुढची. या चाकांमध्ये डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची योजना असते. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक धावता यावे, म्हणून ती दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देते. आता पुढचे एक चाक उचलले, की ते अधांतरी उलट फिरू शकते, आणि म्हणून गाडी गिअरमध्ये असूनही जमिनीवरचा त्याचा जोडीदार सरकू शकतो! भिस्त उरते एकट्या हातब्रेकवर. जुन्या जीपगाड्यांत तर हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असे. मागचे एक चाक उचलताच तो जवळजवळ निकामी होई. म्हणून हातब्रेकही ओढावा, गाडी गिअरमध्येही ठेवावी, आणि बदलावयाच्या चाकाच्या तिरप्या समोरील चाकास दोन्ही अंगांनी दगड लावावेत.

नट सैल करावयाचे ते चाक जमिनीवर असतानाच. चाक उचलल्यावर ते फिरू लागते, आणि पान्याला दिलेल्या हिसक्याने जॅक कलंडतो. नट डावीकडे फिरवून फक्त अर्धा फेरा सैल करावेत, काढू नयेत. मग सर्वांना गाडीतून उतरवावे.

जॅकची जागा पत्र्याखाली खाचेने दाखविलेली असते. दुसरीकडे लावला तर पत्रा चेमटून गाडी खाली येते. जमीन काळी, भुसभुशीत असल्यास त्याखाली जाड फळी घालावी. थोडी उंची मिळताच स्टेपनी गाडीखाली, जॅकजवळ आडवी सरकवावी. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर बसेल, आपल्या हातावर नव्हे. जुने चाक निघाले, की ते तेथे सरकवून स्टेपनी काढून घ्यावी. अंगाचा कोणताही भाग गाडीखाली जाता कामा नये.

नटाची निमुळती बाजू आत हवी. प्रथम हाताने सर्व नट बसवावेत, नंतर पान्याने जरा आवळावेत. ते एकामागून एक गोल क्रमाने आवळू नयेत. एक घट्ट केल्यावर त्याच्या समोरचा घ्यावा. एकच नट आधी पुरा आवळला तर चाक तिरपे टेकते, बाकीचे नट घट्ट वाटतात आणि दहा मैलांत सैल पडतात. आता खालचे चाक काढून गाडी उतरवावी व शेवटचा जोर द्यावा. लहान मोटारीस साधारणतः १०० न्यूटन-मीटर पीळ लागतो. म्हणजे तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे चौतीस किलोंचा भार. त्यावर उड्या मारल्या तर आटे जातात.

पन्नासएक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासावेत. स्टेपनी मूळ चाकापेक्षा अरुंद असल्यास तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, पाळावी. आणि गाडी घेतानाच पाहावे, की स्टेपनी आहे ना. कारण २०२० सालच्या नियमबदलानंतर, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारे यंत्र व छिद्र बुजविण्याचे साहित्य असेल तर मोटारीत जादा चाक नसले तरी चालते. असेल, तर बाकीच्या चारांत हवा भरताना तिच्यातही भरून घ्यावी.