रुग्णाचा पलंग : प्रकार, उपयोग आणि आपला धंदा

कोलाड नाक्यावर रोह्याचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. महामार्गावरचे अपघात, पावसाळ्यात घसरून मोडलेले वृद्धांचे खुबे, अर्धांगवायू, अशा कारणांनी कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेले नाही असे गाव आपल्या भागात सापडणे कठीण. रुग्णाला रोहा, माणगाव, अलिबाग किंवा मुंबईच्या रुग्णालयात नेतात. तेथे आठ-पंधरा दिवस जातात आणि पुढचे कित्येक महिने तो घरीच पडून असतो. आमचा धंदा कापडाचा. चादरी, रेक्झिन, गादीचे कापड घेण्यासाठी अशा घरचे लोक आमच्याकडे येतात आणि हमखास विचारतात, पलंग कोणता आणावा? म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

रुग्णालयातला सर्वांत साधा पलंग म्हणजे लोखंडी चौकट आणि वर सपाट पत्रा. तो हलत नाही, वाकत नाही. थोड्या दिवसांत उठून चालणाऱ्या रुग्णाला तो पुरेसा आहे. दुसरा प्रकार सेमी फाउलर. याला पायथ्याशी एक हँडल असते. ते फिरवले की पाठीकडचा भाग वर येतो. दमा, छातीचा विकार असलेल्यांना आणि ज्यांना बसवून भरवावे लागते अशांना हा उपयोगी. तिसरा फाउलर, त्याला दोन हँडले. दुसऱ्याने गुडघ्याखालचा भाग उचलला जातो. ही चैन नव्हे. नुसती पाठ उचलली तर रुग्ण हळूहळू खाली घसरतो, कातडी ओढली जाते आणि तेथेच जखम होते. गुडघे थोडे वर असले म्हणजे घसरणे थांबते. ब्रुकलिनचे सर्जन जॉर्ज रायर्सन फाउलर यांनी पोटात पू झालेल्या रुग्णांचे डोके व धड उंच ठेवण्याची पद्धत १९०० साली मांडली, त्यांचेच नाव या पलंगाला मिळाले.

अतिदक्षता विभागातल्या पलंगाची पाठ आणि गुडघे तर हलतातच, शिवाय अख्खा पलंग वर-खाली होतो आणि डोक्याकडून किंवा पायाकडून कलताही होतो. बहुधा तो विजेवर चालतो. हाडांच्या विभागातल्या पलंगावर लोखंडी कमान, कप्प्या आणि मोडलेला पाय ताणून धरणारी वजने असतात. प्रसूतीचा पलंग दोन भागांचा असतो, वेळ आली की पायाकडचा भाग बाजूला करतात. हे तिन्ही रुग्णालयाचे काम आहे. घरी त्यांची गरज सहसा पडत नाही.

आखातातला मुलगा फोनवर सांगतो, "बापासाठी सर्वांत भारी पलंग घ्या." मुलाचे मन मोठे, पण पलंग किमतीवर नव्हे, आजारावर निवडायचा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते. विजेचा पलंग घ्यायचाच तर हाताने फिरवण्याची सोय असलेला घ्यावा. बहुतेक घरांना दोन हँडलांचा फाउलर पुरतो. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. कठडे दोन्ही बाजूंना आणि घट्ट असावेत. चाकांना ब्रेक असावा. उंची अशी असावी की काठावर बसल्यावर वृद्धाचे पाय जमिनीला टेकतील. आणि पलंग आणण्यापूर्वी दरवाजा मापावा, कारण पलंग साधारण साडेसहा फूट बाय तीन फूट असतो.

खरी भीती मात्र पाठीच्या जखमांची, ज्यांना बेडसोर म्हणतात. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची हाडे येथे वजन पडून रक्त थांबते आणि मांस सडू लागते. हवेची गादी, जिच्यातले कप्पे पंपाने आळीपाळीने फुगतात, ती मदत करते. पण वीज गेली की पंप थांबतो. म्हणून कोणतीही गादी असो, दर दोन तासांनी कूस बदलणे चुकवू नये. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर पाठ फार उंच करून तासन्‌तास ठेवू नये. जेवताना उंच करावी, जेवणानंतर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवून मग उतरवावी. लाल झालेली जागा चोळू नये, डॉक्टरांना दाखवावी.

आता आपल्या कामाचे. फाउलरवर काथ्याची अखंड गादी चालत नाही, ती वाकत नाही. सांध्यांवर दुमडणारी, तुकड्यांची फोमची गादी लागते. वर पुसता येणारे रेक्झिन, त्यावर सुती चादर. गादी ३६ बाय ७८ इंच आणि ४ इंच जाडीची असेल तर चादर ६० बाय १०० इंचांची बेतावी. म्हणजे चारी बाजूंनी खाली खोचता येते आणि सुरकुती पडत नाही. सुरकुतीही नाजूक कातडीला जखम करते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, तेव्हा आधी भिजवून मगच कापावे. कमरेखाली मॅकिंटॉश, म्हणजे रबरी कापड, आणि त्यावर आडवी चादर घालतात. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी अशा कापडाचे पेटंट १८२३ साली घेतले होते. रबर अंगाला थेट लागू देऊ नये, घाम धरतो.

धाटावच्या वसाहतीमुळे आपल्याकडे वेल्डिंगचे कारागीर पुष्कळ आहेत. जुन्या पलंगांचे हँडल, स्क्रू, चाके दुरुस्त करणे, गंज खरवडून पावडर कोटिंग करून आणणे, हे काम सुरू करण्याजोगे आहे. समुद्राच्या दमट हवेत साधा रंग टिकत नाही. नवे पलंग बनवून विकायचे असतील तर मात्र आधी अन्न व औषध प्रशासनाकडे विचारावे, कारण १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणे सरकारी नियमांखाली आली आहेत.

चार-सहा महिन्यांसाठी पलंग विकत घेणे प्रत्येक घराला झेपत नाही. व्यापाऱ्यांनी दोन-चार पलंग भाड्याने द्यायला ठेवावेत. आणि जमातीकडे लग्नाची भांडी असतात, तसा एक फाउलर पलंगही असावा. भांडी वर्षातून काही दिवस लागतात, पलंग कोणाला कधी लागेल हे सांगता येत नाही.