न विचारता केलेली तपासणी

पुण्यातल्या एका नेत्ररुग्णालयाच्या बालविभागात मी बऱ्याच सकाळी जाऊन बसत होते. तिथली तपासणी बाहेरच्या बाकावरच सुरू होते. ऑप्टोमेट्रिस्ट मुलगी केसपेपर घेऊन दारात उभी राहते आणि नावाचा पुकारा करण्याआधी क्षणभर नुसती बघते. मान एका बाजूला कलते आहे का, मोबाईल नाकाला टेकवून धरलाय का, खिडकीतल्या उन्हाकडे बघताना एकच डोळा मिटतो का. मोठा माणूस "डावीकडचं पुसट दिसतं" अशी तक्रार घेऊन येतो. दीड वर्षाचं मूल काय सांगणार? जन्मापासून एका डोळ्याने पुसट दिसत असेल, तर त्याच्या लेखी जग तसंच असतं.

म्हणून इथली सगळी विद्या न विचारता उत्तर मिळवण्याची आहे. राखाडी पुठ्ठ्याच्या एका बाजूला काळ्या-पांढऱ्या रेघा असतात आणि मधोमध एक बारीक भोक. रेघा दिसल्या की बाळाची नजर तिकडे जातेच. भोकातून पाहणारी ती नजर टिपते आणि आधीपेक्षा बारीक रेघांचा पुठ्ठा पुढे धरते. नजर जिथे भिरभिरायला लागते, तिथे बाळाच्या दृष्टीची हद्द कळते.

याहून साधी आणि मला सर्वांत विलक्षण वाटलेली तपासणी मात्र नुसत्या अंगठ्याची आहे. आईच्या मांडीवर एक मुलगी होती, दीड वर्षाची. डॉक्टर मॅडमनी खुळखुळा हलवत अंगठ्याने तिचा उजवा डोळा झाकला. ती खुळखुळ्याकडे बघतच राहिली. मग डावा झाकला. तिने लगेच मॅडमचा हात ढकलला, मान वळवली, रडायला लागली. पुन्हा उजवा झाकला, शांत. पुन्हा डावा, रडारड. "ताई, हिचं सगळं काम डाव्या डोळ्यावर चाललंय," मॅडम आईला म्हणाल्या. शेजारी बसलेल्या आजी लगबगीने म्हणाल्या, "अहो, जराशी तिरळी बघते, पण ते लकी असतं म्हणतात."

ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि तिच्यापायी मुलांची फार मोलाची वर्षं जातात, असं मला मनापासून वाटतं. तिरळा डोळा बहुतेकदा कमी दिसणारा डोळा असतो किंवा पुढे तसा होतो. क्वचित तिरळेपणा ही डोळ्यातल्या गाठीची, रेटिनोब्लास्टोमाची, पहिली खूण असते. फ्लॅशने काढलेल्या फोटोत बाहुली पांढरी चमकते, तीही तशीच खूण. म्हणून तिरळेपणासाठी आलेल्या प्रत्येक मुलाचा मागचा पडदा इथे बघितला जातोच.

मुलीला तीन दिवस घरी लावायला अ‍ॅट्रोपिनचं मलम दिलं. चेहरा लाल झाला, ताप आला तर मलम बंद करून फोन करा, हे दोनदा बजावलं. लहान मुलांचे डोळे जवळचं-लांबचं जुळवून घेण्यात इतके तरबेज असतात की स्नायू सैल केल्याशिवाय खरा नंबर हाती लागत नाही. मलम लावून ती परत आली तेव्हा अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोपी झाली. हातातल्या छोट्या यंत्रातून उजेडाची एक रेघ बाहुलीवरून सरकवायची आणि आतून परत येणारी तांबूस झळाळी कुठे जाते ते बघायचं. रेघेबरोबर सरकली तर प्लसचं भिंग धरायचं, उलटी गेली तर मायनसचं. भिंगं बदलता बदलता एका क्षणी सरकणं थांबतं आणि पूर्ण बाहुली एकदम उजळते. तपासणारी 66 सेंटीमीटरवर बसली असेल तर मिळालेल्या आकड्यातून दीड वजा करायचा. उरेल तो नंबर. मूल एक शब्दही बोललेलं नसतं. बोलायचं असतं ते तपासणारीनेच. "बघ, बघ, वर चिऊ आली का?" असं ती अखंड बोलत राहते, कारण मुलाची नजर एक क्षण तरी स्थिर राहायला हवी असते.

डाव्या डोळ्याला प्लस दीड निघाला, उजव्याला प्लस पाच. मुलीला चष्मा म्हटल्यावर आजींचा चेहरा पडला. मॅडमनी समजावलं की प्लसचा मोठा नंबर असला की स्पष्ट बघण्यासाठी डोळा जोर लावतो आणि त्या जोराने आत वळतो. चष्म्याने तो जोर वाचला की काही मुलांचा डोळा शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतो.

विभागाचा एक पाय नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असतो. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि कानाकडच्या कडेला पोचायला त्यांना चाळिसावा आठवडा उजाडतो. बाळ आधीच जन्मलं तर ही वाढ अर्धवट राहते, पुढे भलत्याच वाहिन्या फुटू शकतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. भारतात 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची तपासणी जन्मापासून 30 दिवसांत व्हायला हवी, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देतात, तारेच्या चिमट्याने पापण्या उघड्या ठेवतात आणि डोक्यावरच्या दिव्याने पडद्याच्या कडेपर्यंत बघतात. बाळ कळवळून रडतं, आई बाहेर उभी असते. लेसर लागणार असेल तर तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. त्यासाठी पुढच्या सोमवारची वाट बघता येत नाही.

इथून वाचलेली मुलं पुढे मायनस नंबर किंवा तिरळेपणा घेऊन बालविभागात येतात. असाच एक पाच वर्षांचा मुलगा चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवून आला होता. आधी काही आठवडे नुसता चष्मा, मग पट्टी, असा क्रम असतो. मध्यम स्वरूपाच्या आळशी, म्हणजे वापराअभावी कमी दिसणाऱ्या डोळ्याला कामाला लावायला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, असं अमेरिकेतल्या 2003च्या अभ्यासात दिसलं. त्याने आयांचे रोजचे चार तास वाचले. तरी दोन तास काही थोडे नसतात. पहिले आठवडे हा मुलगा पट्टी ओढून काढायचा. आता पट्टी लावली की आई त्याला डाळीतले खडे निवडायला बसवते.

त्या दिवशी तो तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचू शकला. "सुटलो ना मॅडम आता?" आईने विचारलं. मॅडमनी केसपेपरवर पट्टीचे दोन तास खोडून एक लिहिला. पट्टी सोडल्यावर वर्षभरात साधारण चारांतल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते, म्हणून ती उतरवतात तीही पायरीपायरीने. सहा आठवड्यांनी पुढची तारीख मिळाली.