फोल्डर शेअर केलंय, पण उघडत नाही?

विंडोज, मॅक आणि लिनक्स यांच्यातली फाइलींची देवाणघेवाण एसएमबी या प्रोटोकॉलवर चालते. लिनक्सवर ते काम सांबा करतं. दुसरा संगणक नेटवर्कच्या यादीत दिसत नाही, एवढ्यावरून शेअरिंग बंद आहे असं समजू नका. थेट पत्ता देऊन पाहा: मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड-के दाबून, विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघांनंतर आयपी पत्ता टाकून. तरीही दाद मिळाली नाही, तर विंडोजमध्ये घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलंय का ते बघा. ते ‘प्रायव्हेट’ हवं. एक यंत्र राउटरच्या गेस्ट वायफायवर असेल, तर बहुधा दोघांची गाठच पडणार नाही.

सगळ्यात जास्त डोकेदुखी पासवर्डची. विंडोज उघडायला रोज वापरता तो चार-सहा आकडी पिन इथे चालत नाही. खात्याचा खरा पासवर्डच लागतो. सांबाचे पासवर्ड तर लिनक्सच्या पासवर्डांपासून वेगळे साठवले जातात, ते ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने द्यावे लागतात. मॅकवर शेअरिंगच्या ‘ऑप्शन्स’मध्ये त्या वापरकर्त्याच्या नावापुढे विंडोज शेअरिंगची खूण करावी लागते, आणि ती हमखास राहून जाते.

जुनी नेटवर्क हार्डडिस्क चालावी म्हणून एसएमबी १ ही प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला कुणी दिला, तर कृपया ऐकू नका. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतल्या त्रुटीतून जगभर पसरला. त्यापेक्षा हार्डडिस्कचं फर्मवेअर अद्ययावत करा.