संगणक उशिरा का सुरू होतो?

नाशिकच्या रविवार कारंजा, मेन रोड परिसरातील अनेक पेढ्यांवर आता रोजमेळ आणि खतावणी संगणकावरच लिहिली जाते. मासिक जीएसटीआर-३बी विवरणपत्राची मुदत २० तारखेला संपते. कर देय असल्यास विलंबापोटी दररोज ५० रुपये शुल्क व त्याशिवाय व्याज पडते. नेमक्या त्या दिवशी संगणक सुरू होण्यास दहा मिनिटे लागली, की दोष यंत्राच्या वयाला दिला जातो आणि नव्या खरेदीची चर्चा सुरू होते.

वास्तविक कारण बहुधा निराळे असते. यंत्र चालू होताच अनेक प्रोग्रॅम न सांगता जागे होतात आणि स्मरणशक्ती व डिस्क वाटून घेतात. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ यादीत ज्यांचा परिणाम ‘हाय’ दिसतो, परंतु जे रोज लागत नाहीत, ते ‘डिसेबल’ करावेत. त्यामुळे प्रोग्रॅम पुसला जात नाही. बोलावल्याशिवाय येत नाही, इतकेच. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नये, आणि अनोळखी नाव जाणकारास विचारल्याविना बंद करू नये.

एवढ्यानेही गती न आल्यास जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी. तत्पूर्वी हिशेबाचा बॅकअप अवश्य घ्यावा. नवे यंत्र हा शेवटचा उपाय होय.