अठरा हजार टाक्यांची ऊब

इनामगावात माणसांनी सलग जवळजवळ नऊशे हिवाळे काढले. इसवीसनापूर्वी 1600 पासून 700 पर्यंत. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या उजव्या काठावर ही वस्ती होती. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात ती उकरली. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. बुटक्या मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, आत विस्तवाचा खड्डा.

या पट्ट्यातली थंडी कोरडी आणि बोचरी. पावसाळा सरला की आभाळ निरभ्र होतं, दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता आभाळाकडे सोडून देते, आणि गार झालेली जड हवा उतारावरून नदीच्या खोलगट भागात येऊन साचते. पुण्यात 17 जानेवारी 1935 ला पारा 1.7 अंशांवर आला होता. अशा रात्री विस्तव विझल्यावर माणूस काय पांघरत असेल?

कापड मातीत कुजतं, पण त्याच्या खुणा राहतात. इनामगावात सूत कातायच्या टकळीच्या चकत्या मिळाल्या. त्याच काळातल्या नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि तिच्यात मणी ओवलेला धागा शाबूत होता. त्यात रेशीम होतं, कापूसही होता. तांब्याच्या क्षारांनी जिवाणूंना जवळ येऊ दिलं नाही, म्हणून तो तीन हजार वर्षं टिकला! मला हा धागा सोन्याच्या दागिन्याहून मोलाचा वाटतो.

आज त्याच घोडकाठी घराघरांत गोधडी आहे, कुणी तिला वाकळ म्हणतं. गंमत अशी की हिवाळ्याची ही तयारी वैशाखात होते. शेतातली कामं उरकलेली असतात, जुनी नऊवारी लुगडी आणि धोतरं धुऊन कडक उन्हात वाळलेली असतात. सारवलेल्या जमिनीवर ती एकावर एक अंथरायची. जिथे कापड विरलंय तिथे दुसऱ्याचा धड भाग यावा अशा घड्या घालायच्या. कच्च्या टाक्यांनी थर धरून ठेवायचे, वर ठिगळं मांडायची आणि मग धावदोरा. कडेपासून सुरू झालेली टाक्यांची रांग चौकोनात चौकोन करत आत सरकते.

हिशेब करून पाहा. सहा फूट बाय चार फुटांची गोधडी, दोन रांगांमधलं अंतर दीड सेंटिमीटर. सगळ्या रांगा सरळ केल्या तर लांबी भरते जवळजवळ दीडशे मीटर. एक टाका पाऊण-एक सेंटिमीटरचा धरला तर टाके होतात अठरा हजारांच्या घरात. प्रत्येक टाका हाताचा.

आणि ऊब? ती गोधडीत नसतेच. झोपलेल्या माणसाचं शरीर सत्तर-ऐंशी वॉट उष्णता सतत बाहेर टाकत असतं. गोधडी फक्त ती अडवते, तीही मुख्यतः कापडाने नव्हे तर हवेने. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पण हवेला मोकळीक मिळाली की ती फिरते आणि ऊब घेऊन जाते. टाका नेमका इथे कामाला येतो. तो थर एकमेकांना बांधतो, मधली हवा बारक्या कप्प्यांत अडकवतो आणि थरांना एका बाजूला गोळा होऊ देत नाही. दोरा फार ताणला तर हवाच चेपून जाते, ढिला राहिला तर थर सरकतात. हे भौतिकशास्त्र शिवणाऱ्या बाईच्या बोटांना कळतं.

गोधडीला ऊन दाखवण्यामागेही हेच आहे. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहतं. दमट गोधडी म्हणून गार लागते. उन्हात ओल उडते, दबलेले थर पुन्हा फुलतात.

आता तिच्या रूपाकडे या, कारण थंडीत या घरांची खरी सजावट तीच असते. भिंतीशी रचलेली घड्यांची चळत, तिच्यातून डोकावणारे इरकलीचे काठ, खणाचे तुकडे, एखादं लालभडक ठिगळ. सकाळी ओट्यावर, बांधावर वाळत घातलेल्या गोधड्यांनी गल्लीच रंगीत होते. पाळण्यात तेच काम लहान होऊन दुपट्यात येतं, बाळाच्या डोक्यावर कुंची होतं. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी, जपानचं साशिको, सगळीकडे हाच साधा धावदोरा आहे. टाक्यांच्या ज्या रांगांनी गोधडी देखणी होते, त्याच तिला उबदार ठेवतात. शोभेसाठी वेगळं काही करावंच लागत नाही. एवढी प्रामाणिक सजावट मला दुसरी माहीत नाही.

शहरात आता गोधडी भिंतीवर टांगतात, सोफ्यावर अंथरतात. जरूर अंथरा. पण कापड सुतीच घ्या. पॉलिस्टर घाम शोषत नाही आणि शिवताना थर निसटतात. आणि आजीचं विरलेलं लुगडं कपाटात असेल तर ते बोहारणीला देऊ नका. येत्या वैशाखात ते जमिनीवर अंथरा, शिवता येणारं कुणीतरी शेजारी बसवा आणि पहिली रांग तुमच्या हाताने घाला.