पायली, पासरी आणि राब

आजीआजोबांच्या तोंडचे जुने शब्द वस्तूंबरोबर नाहीसे होतात, असे सरसकट मानले जाते. परंतु पालघर तालुक्यातील बोईसरलगतच्या बेटेगावासारख्या, भातशेती आणि कारखानदारी यांच्या सांध्यावर उभ्या असलेल्या गावांच्या बोलण्याचा विचार केला, तर हे अर्धेच खरे ठरते. आणा आणि शेर व्यवहारातून जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ते बोलण्यात आहेत. उलट कालपरवापर्यंत बांधावर रोज लागणारे शब्द नातवंडांना परके झाले आहेत.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै होत असत, म्हणून पूर्ण सत्याला ‘सोळा आणे खरे’ म्हटले गेले. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ या म्हणीतील दोन्ही आकडे मिळून नेमका एक रुपया होतो आणि मसाला कोंबडीच्या तिप्पट पडतो, हा त्यातील हिशेब जुन्या पिढीला ऐकताक्षणी कळत असे. पासरी म्हणजे पाच शेर, तेव्हा ‘पैशाला पासरी’ म्हणजे अतिस्वस्त. पायली हे धान्य मोजण्याचे चार शेरांचे माप, अधोली तिच्या निम्मी, आणि सहज मिळणाऱ्या माणसांना ‘पायलीचे पन्नास’ म्हणण्याची रीत त्या मापावरूनच पडली. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रूढ झाली, पण ‘शेरास सव्वाशेर’ आजही भेटतो, कारण म्हणीत शिरलेल्या शब्दाला वस्तूचा आधार लागत नाही.

शेतीतील शब्दांना हे संरक्षण क्वचितच मिळाले. पावसाळ्यापूर्वी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून जाळणे म्हणजे राब भाजणे. त्यामुळे तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. तेथे वाढलेली रोपे उपटून चिखलात लावणे ही आवणी, लवकर तयार होणारे भात हळवे, उशिरा होणारे गरवे, आणि धान्य साठवण्याची बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली कोठी म्हणजे कणगी. नक्षत्रांच्या म्हणीही याच ज्ञानावर उभ्या आहेत. ‘पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा’ असे म्हणताना सप्टेंबरच्या उत्तरार्धातील, सूर्य उत्तरा नक्षत्रात असतानाचा पाऊस अभिप्रेत असतो. त्या सुमारास लोंबीत दाणा भरत असल्याने खाचरातील पाणी मोलाचे ठरते आणि पीक इतके येते की कुत्र्यालाही भाताची नवलाई राहत नाही. ज्याने भात पोटरीत आलेले पाहिले नाही, त्याला या म्हणीत केवळ यमक ऐकू येते, आणि हे नुकसान एखादे नाणे जाण्यापेक्षा फार मोठे आहे.

१९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढे औद्योगिक वसाहत विस्तारली, तेव्हा या पट्ट्यात रोजगार आला. त्याबरोबर घड्याळाची पाळी आली आणि नक्षत्रांचे पंचांग मागे पडले. अणुकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यालगतची गावे हलवली गेली. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला भांग म्हणणारी बोली समुद्राशी रोजचा संबंध असेल तरच टिकते, म्हणून घर हलते तेव्हा शब्दसंग्रहही हलतो.

मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश यांनी पुष्कळ जतन केले. ग्रियर्सन यांनी वारली, वाडवळी अशा उत्तर कोकणातील बोलींचीही नोंद घेतली. तथापि कोशात शब्दाचा अर्थ सापडतो, तो कोणत्या महिन्यात, कोणत्या कामात आणि कोणत्या सुरात उच्चारला जाई हे सापडत नाही. ते सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पालघर तालुक्यातील शाळांनी आणि घरोघरच्या नातवंडांनी यंदाच्या आवणीपासूनच, कामाचे वर्णन जोडून, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ करावा.